हरळी मुळासकट

सद्गृहस्थाने गवताबद्दल मत बाळगू नये. फुटबॉल, सासुरवाडी, सरकार यांबद्दल खुशाल बाळगावं. त्यातून फार तर भांडण होतं. गवताबद्दल मत बाळगलं की त्यातून समिती होते.

मी तर ते मत कुणाला द्यायलाही गेलो नव्हतो. क्लबच्या गच्चीवर बायकोबरोबर चहा पीत बसलो होतो. अलेक्झांड्रियात मोसमातला पहिला पाऊस भुरभुरत होता, आणि समोर गोल्फच्या मैदानावर त्या भर पावसात क्लबचे फवारे गवताला पाणी मारत होते. "पावसाला पाणी पाजणारे लोक मी पहिल्यांदाच पाहतोय," असं मी म्हणालो. बायकोला म्हणालो. इन्शिराह ऐकत नव्हती, त्यामुळे चांगलं वाक्य वाया जाऊ नये म्हणून पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो. मागच्या टेबलावर क्लबचे अध्यक्ष हशमत बे बसले होते.

"उस्ताद वजदी, तुम्ही कॉलेजात भूगोल शिकवता ना?"

"हो."

"मग झालं तर!"

काय झालं ते मला आठवडाभराने सूचनाफलकावर कळलं. 'हरित मैदान समिती' स्थापन झाली होती आणि तिचा प्रमुख मी होतो. नकाशात हिरवा रंग कुठे भरायचा हे ज्याला ठाऊक असतं त्याला हिरवळीतलं सगळं कळतं, असा संचालक मंडळाचा समज असावा. समितीत माझ्याखेरीज आणखी दोघं होती: आमच्या इमारतीतले दंतवैद्य डॉक्टर लमई आणि तळमजल्यावरच्या मादाम इस्मत. दोघांनाही गवताचा अनुभव नव्हता. पण सल्ला देण्याचा होता, आणि तो दांडगा होता.

समिती निघण्यामागचं कारण गवत नव्हतंच, मोटारी होत्या. आमच्या क्लबात सभासद तीन पिढ्यांचे आणि गाड्या लावायला जागा आजोबांच्या काळातली. शुक्रवारच्या सुटीला लोक गाडी लावायला जागा शोधत शोधत घरी परत जात. गोल्फचं मैदान मात्र ऐसपैस पसरलेलं. ते पाणी पिणार, खत खाणार, औषधं घेणार, आणि त्यावर खेळणार मोजकी माणसं. हशमत बे बांधकामाच्या धंद्यातले. मोकळी जमीन दिसली की त्यांना दाढ ठणकल्यासारखं होई. फेब्रुवारीतल्या सर्वसाधारण सभेत मैदानावर डांबर घालून वाहनतळ करायचा ठराव यायचा होता. त्याआधी 'मैदान कमी पाण्यात, विषारी औषधांशिवाय राखता येतं का' हे तपासल्याचं दाखवणं भाग होतं, कारण हल्ली पर्यावरणाला विचारल्याशिवाय त्याचा गळा दाबला तर बरं दिसत नाही. त्या विचारणा करणाऱ्याच्या जागी मला बसवलं होतं. राखता येतं असं मी दाखवलं तर मैदान वाचणार. नाही तर डांबर.

मी गोल्फ खेळत नाही. क्लबचं सभासदत्व मला वडिलांकडून मिळालं, तसा त्यांच्याकडून दमाही मिळाला, आणि दोन्ही मी सारख्याच निष्ठेने चालवतो. खरं सांगायचं तर मैदान राहिलं काय नि गेलं काय, माझं काही अडत नव्हतं. अडत होतं ते तिसऱ्या मजल्यावरच्या पाशांचं.

पाशा म्हणजे निवृत्त जनरल रिफ्अत. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ, पँट पांढरी. रोज सकाळी ते मैदानावर एकटेच नऊच्या नऊ खळगे खेळत, पण चेंडू दोन घेऊन. एक स्वतःचा, एक गुलसून हानमचा. गुलसून हानम म्हणजे त्यांची पत्नी. तिनेच त्यांना हा खेळ याच मैदानावर शिकवला होता. ती वारल्यापासून तिचा चेंडूही तेच मारत, आणि प्रामाणिकपणे मारत. जिन्यात भेटले की मी विचारायचो, "काय पाशा, आज कोण जिंकलं?"

"तीच," पाशा म्हणत. "हल्ली तिचा हात फार बसलाय."

समितीची बातमी वाचून ते स्वतः माझ्याकडे आले. हे आमच्या इमारतीच्या इतिहासात कधी घडलं नव्हतं. बसले, कॉफी घेतली, कप खाली ठेवला.

"वजदी, पोरा, वाचेल का रे मैदान?"

माणसाच्या तोंडून 'बघू या' हे शब्द जेव्हा निघायला हवेत, तेव्हाच नेमके ते निघत नाहीत. मी म्हणालो, "पाशा, मैदान वाचलं म्हणून समजा."

इन्शिराहने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून माझ्याकडे पाहिलं. लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी असंच पाहिलं होतं.

मी अभ्यास केला. भूगोलाच्या माणसाला दुसरं काय येतं? तेव्हा कळलं की आमच्या मैदानावरचं गवत म्हणजे साधी हरळी. ही हरळी हिवाळ्यात झोपते. पिवळी पडते, तपकिरी होते, मेल्याचं सोंग घेते, आणि ऊन तापलं की पुन्हा उठते. पण सभासदांना हिवाळ्यातही डोळ्यांना हिरवं लागतं, म्हणून दर वर्षी तिच्या अंगावर परदेशातून आणलेल्या हिवाळी गवताचं बी पेरायचं आणि ते जगवायला निम्मा नाईल उपसायचा. मी एका झटक्यात निर्णय घेतला: हिवाळी पेरणी बंद, पाणी जवळजवळ बंद, तणनाशक तर साफ बंद. झोपलेल्या माणसाला उठवून कुणी पाणी पाजत नाही, मग गवताला का पाजावं? हे वाक्य मी मंडळासमोर म्हणून दाखवलं. हशमत बे इतके खूश झाले की मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पेरणी नि पाणी बंद करायला मात्र सरकारी परवानगी लागते, असं क्लबच्या चिटणिसाने सांगितलं. शेतीच्या कचेरीत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, "हे तुम्ही खाता का?" म्हटलं, नाही. "जनावरं खातात?" नाही. "मग हे पीक नाही. बागांच्या कचेरीत जा." बागांच्या कचेरीत विचारलं, "इथे लोक येऊन बसतात का?" म्हटलं, बसले तर डोक्यात चेंडू बसेल. "मग ही बाग नाही." शेवटी क्रीडा कचेरीत जुनी नोंद सापडली. आमचं गवत सरकारदरबारी 'क्रीडासाहित्य' होतं. टेनिसची जाळी, उड्या मारायचा घोडा आणि गवत, एका ओळीत. आणि क्रीडासाहित्याला पाणी देणं थांबवायचं तर गरुडाचा शिक्का मारलेला कागद हवा. तो शिक्का ज्यांच्या खणात असे ते गृहस्थ मी गेलो की नमाजाला गेलेले असत, नमाजाहून आले की उसळ-भाकरी खात असत, आणि खाऊन झालं की प्रेमाने म्हणत, "उद्या या, उस्ताद. उद्या देवाच्या कृपेने." माझ्या आयुष्यातला तो हिवाळा 'उद्या' या शब्दात गेला. म्हटलं, कागद येईल तेव्हा येईल, गवताला काय कागद वाचता येतो? पेरणी आणि पाणी थांबवलं.

डिसेंबरात मैदान तपकिरी पडलं. माझ्या हिशेबाने ते झोपलं. सभासदांच्या हिशेबाने ते वारलं. लोक मला गच्चीवर गाठून सांत्वन केल्यासारखे बोलू लागले. एक बाई तर म्हणाल्या, "शेवटी त्रास नाही ना झाला त्याला?"

समितीची तातडीची बैठक आमच्या दिवाणखान्यात झाली.

डॉक्टर लमई म्हणाले, "माझं ऐक, वाळू टाक. वाळवंटी देश आहे आपला, लाज कसली? दात पडले की कवळी बसवतोच ना आपण?"

"ऐकू नकोस त्याचं," मादाम इस्मत म्हणाल्या. "माझ्या तोंडात याने बसवलेली कवळी आहे, म्हणून सांगते. त्यापेक्षा रंग द्या. मी केस रंगवते, माझ्यात काय कमी आहे? लोकांना हिरवं बघायचंय ना, मग दाखवा हिरवं!"

"मादाम, रंग विषारी असतो. आपली समिती हरित आहे."

"मग सरबताचा घाला. सरबतातला हिरवा रंग पोरं पितात, गवताला काय धाड भरलीय?"

मी विरोध केला, असं सभेच्या वृत्तान्तात आहे. वृत्तान्त मीच लिहिला आहे. पण संचालक मंडळ दुसऱ्या दिवशी पाहणीला यायचं होतं, आणि बुडत्याला काडी दिसते तशी मला बाटली दिसली. नवव्या खळग्याभोवतीचं गवत आम्ही सरबताच्या रंगाने रंगवलं. दिसलं सुरेख. रंग स्वस्तातला असल्यामुळे त्यात साखरही होती, हे आम्हाला मुंग्यांनी सांगितलं. मुंग्यांमागे पक्षी आले, पक्ष्यांमागे क्लबातल्या मांजरी आल्या, आणि मंडळ भोजनगृहात मासे खात असताना आमच्या क्लबची सुप्रसिद्ध पांढरी मांजर तिच्या तीन पिल्लांसह टेबलाखालून गेली. चौघी पोटापर्यंत हिरव्या. हशमत बेंनी काटा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "उस्ताद, हरित म्हणजे इतकं हरित अपेक्षित नव्हतं."

उरलेला रंग जानेवारीतल्या वादळाने धुतला. आमच्याकडे हिवाळ्यातल्या वादळांना नावं असतात आणि ती नातेवाइकांसारखी तारीख सांगून येतात. या वादळाचं नाव 'मोठा पूर'. त्याने रंग मैदानावरून काढून पोहण्याच्या तलावात नेला. त्या पाण्यातून खेळायला गेलेल्या पाशांच्या पांढऱ्या पँटचे पाय घोट्यापर्यंत पिस्त्याच्या रंगाचे झाले ते कायमचेच. ते मला जिन्यात भेटले तेव्हा मी मान खाली घातली, म्हणून मला ते पाय दिसले.

"जाऊ दे रे," पाशा म्हणाले. "गुलसून म्हणायचीच, तुम्ही फार पांढरे असता."

एक गोष्ट मात्र चांगली झाली, आणि ती मला आजही बोचते. तणनाशक थांबल्यावर मैदानावर बगळे आले. शेतात नांगरामागून चालतात ते पांढरे बगळे. डॉक्टर लमई म्हणाले, लहानपणानंतर त्यांनी ते शहरात पाहिले नव्हते. पाशा चेंडू मारायचे आणि बगळे दोन पावलं बाजूला होऊन, पंचांसारखे मान वाकडी करून बघायचे. एक दिवस पाशा एका बगळ्याला म्हणत होते, "हा तिचा होता. माझा तो, पलीकडचा." मी हाक न मारता परत फिरलो.

पण तणनाशक थांबल्यावर तणही आलं. तपकिरी हरळीतून हिवाळी पावसावर ताज्या हिरव्या झिपऱ्या उगवल्या: खुब्बैझाची रानभाजी, पाथरी, मधूनच बरसीमचा चारा. सभा तीन आठवड्यांवर आली आणि मैदान दाढी वाढलेल्या आजाऱ्यासारखं दिसू लागलं. औषध मारायचं नाही, हा तर माझाच नियम. म्हणजे तण हातांनी उपटायला हवं.

"माझ्या माहेरचे लोक आण," इन्शिराह म्हणाली. "हाज बयूमीला बोलाव. बहेरा जिल्ह्यात तण काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. माझे आजोबा म्हणायचे, बयूमी शेतात नुसता खोकला तरी तण घाबरतं."

हाज बयूमी आला. डोक्याला लोकरी टोपी, मिशी अशी की तिच्यावर शपथ घ्यावी. आणि तो घेतही असे. बरोबर त्याचे भाऊ, पुतणे, मेव्हणे मिळून ट्रकभर माणसं. मी त्यांना मैदान दाखवलं.

"हाज, हे सगळं स्वच्छ करायचं. जे तण आहे ते मुळासकट काढायचं. जे चांगलं आहे त्याला धक्का लागता कामा नये."

हाज बयूमीने खाली वाकून मूठभर माती उचलली, हुंगली आणि मैदानावरून नजर फिरवली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं. मला वाटलं, निसर्गप्रेम.

"उस्ताद, अहो, कसली जमीन आहे! आणि काय दशा करून ठेवलीत हिची! कुणाचंच लक्ष नव्हतं का?"

"नव्हतं ना," मी खेदाने म्हणालो.

"आता बयूमी आलाय. तुम्ही निर्धास्त जा. मुळासकट म्हणालात ना? मुळासकट."

मी निर्धास्त गेलो, कारण त्याच दिवशी क्रीडा कचेरीतून निरोप आला होता की गरुडाचा शिक्का जागेवर आहे आणि शिक्क्याचे गृहस्थही जागेवर आहेत. असा योग शतकातून एकदा येतो. मी दोन दिवस त्या कचेरीत काढले. पहिल्या दिवशी गृहस्थ होते, शाई नव्हती. दुसऱ्या दिवशी मी घरून शाई घेऊन गेलो. शिक्का बसला. 'उपरोक्त क्रीडासाहित्यास हिवाळ्यात पाणी न देण्यास हरकत नाही.' कागद हातात धरून, विजयी सेनापतीसारखा मी क्लबात शिरलो आणि मैदानाच्या कडेला थांबलो.

उपरोक्त क्रीडासाहित्य शिल्लक नव्हतं.

मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत काळंभोर होतं. भुसभुशीत, खोल, ओलसर. लोण्यासारखी माती. आणि त्या मातीत, ताटात वाढल्यासारखी, खुब्बैझाची रोपं उभी होती. भोवती छान आळी केलेली. पाथरीची वेगळी ओळ. बरसीमचा तुकडा बांध घालून राखलेला. कडेला हरळीचे, उपटलेल्या मुळ्यांसकट, माझ्या उंचीचे ढीग.

हाज बयूमी घाम पुसत सामोरा आला. बरोबरची मंडळी रांगेत उभी राहिली, शाळा तपासायला आलेल्या साहेबासमोर राहतात तशी.

"बघा उस्ताद! एक काडी ठेवली असेल तर मिशी उतरवीन."

"हाज," मी म्हणालो. माझा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी येत होता. "हाज, गवत कुठंय?"

"कुठलं गवत?"

"ते... तपकिरी."

"हरळी?" हाज बयूमी मोठ्याने हसला. "काढली की! बाप रे, काय माजली होती! असली हरळी मी जन्मात पाहिली नाही. माझ्या बापाने तिच्यापायी कंबर मोडून घेतली, आजोबा तिला शिव्या देत गेला, आणि इथे बघतो तर शहरातल्या शहाण्या लोकांच्या जमिनीत सगळीकडे हरळीच हरळी, आणि भाजी बिचारी मधेमधे गुदमरलेली! पुतण्या रडला हो खुब्बैझा बघून. म्हटलं उस्तादांनी बोलावलंय ते उगीच नाही."

यात मी त्याला काय बोलणार होतो? नाईलच्या मुखाशी पाच हजार वर्षं माणूस शेती करतोय आणि पाच हजार वर्षं हरळी उपटतोय. ती मुद्दाम लावतात, तिला पाणी पाजतात, तिचे केस कापतात आणि वरून तिच्यावर चेंडू मारतात, हे त्याला कुणी आधी सांगायला हवं होतं. मी त्याला म्हणालो होतो, तण काढ, चांगलं ठेव. त्याने तण काढलं होतं आणि चांगलं ठेवलं होतं.

बातमी क्लबात पसरली. डॉक्टर लमई येऊन बघून गेले आणि फक्त एवढंच म्हणाले, "भूल न देता?" मादाम इस्मत पिशवी घेऊन आल्या. त्यांच्या मागून आणखी बायका पिशव्या घेऊन आल्या. संध्याकाळी आमच्या घरात लसूण-कोथिंबिरीच्या फोडणीचा घमघमाट सुटला होता. मी पानावर बसलो. समोर खुब्बैझा.

"ही कुठली?" मी विचारलं.

"सातव्या खळग्याजवळची," इन्शिराह म्हणाली. "कोवळी आहे, खा. अपमान उपाशीपोटी जास्त लागतो."

मी खाल्ली. दुःखाने सांगतो, उत्कृष्ट होती.

पाशांकडे जायचं माझं धाडस झालं नाही, तेच आले. ते मैदान बघून आले होते. बुटांना काळी माती लागली होती. मी काहीबाही बोलू लागलो, त्यांनी हात वर केला.

"आघाडीवर असं होतं, वजदी. तोफखाना कधी कधी आपल्याच लोकांवर पडतो. मला एवढंच सांग, ते परत येईल का?"

खरं सांगतो, मला ठाऊक नव्हतं. पुस्तकात हिवाळ्याची झोप होती. मुळासकट उपटल्यावर काय होतं ते नव्हतं. मी म्हणालो, "विचारतो, पाशा." पण हाज बयूमीला हे विचारायचं म्हणजे त्याने कष्टाने केलेलं काम मला नको होतं असं त्याच्या तोंडावर सांगणं. मग बायकोच्या माहेरच्यांनी मला ओळख दाखवली नसती. मी आज विचारू, उद्या विचारू करत राहिलो. शिक्केवाल्या गृहस्थांचा गुण लागला असावा.

सर्वसाधारण सभेला मात्र मी तयारीने गेलो. अंगात एकुलता एक सूट, खिशात गरुड. सभागृह भरलं होतं, कारण त्या दिवशी सगळ्यांना गाड्या लावायला खूप लांब जावं लागलं होतं आणि सगळे चिडून आले होते. पहिल्या रांगेत पाशा, पाठ ताठ. मी उठून बोललो. बगळ्यांबद्दल बोललो. निम्म्याहून कमी झालेल्या पाण्याबद्दल बोललो. शहराच्या या भागात आभाळ पूर्ण दिसतं अशी ही एकच जागा आहे, हे बोललो. टाळ्याही पडल्या. शेवटी म्हणालो, "गवत परत येईल. एक उन्हाळा द्या. फक्त एक उन्हाळा."

सभागृह हलल्यासारखं वाटलं. मादाम इस्मतनी डोळे पुसले. मग हशमत बे शांतपणे उठले.

"उस्तादांचं भाषण हृदयाला भिडलं. पण आपण काही तज्ज्ञ नाही. ज्याने हे काम केलं तो माणूस इथे बाहेर चहाच्या टपरीवर बसलाय. त्यालाच विचारू या ना?"

हाज बयूमीला आत आणलं. तो ढिगारे न्यायला आला होता. एवढी मोठी सभा बघून बावरला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. हशमत बेंनी गोड आवाजात विचारलं, "हाज, नीट आठवून सांगा. तुम्ही काढलेली हरळी परत येईल का?"

मी त्याच्याकडे पाहिलं. पाशांनी पाहिलं. सगळ्या सभागृहाने पाहिलं. आणि मी हाज बयूमीच्या चेहऱ्यावर रक्त चढताना पाहिलं, कारण शेकडो शहरी लोकांसमोर कुणीतरी त्याच्या कामावर शंका घेत होतं.

"परत येईल?" हाज बयूमी गरजला. "कोण म्हणतो परत येईल? समोर या! चाळीस वर्षं तण काढतोय मी. बयूमीने काढलेली हरळी परत आली, असं अख्ख्या बहेऱ्यात कुणी दाखवावं! उस्ताद वजदी माझे पाहुणे, त्यांच्या कामात मी हयगय करीन? या मिशीची शपथ, या जमिनीत हरळीची काडी उगवणार नाही. माझ्या नातवंडांच्या काळापर्यंत नाही!"

आणि मान ताठ करून त्याने माझ्याकडे पाहिलं. बघा, राखली की नाही तुमची अब्रू?

हात वर झाले. डांबर मंजूर झालं. पाशांनी हात वर केला नाही आणि खालीही घेतला नाही. तो काठीवर होता तिथेच राहिला.

बाहेर हाज बयूमी माझी वाट बघत होता. मी त्याला काही बोलणार त्याआधीच तो माझ्या कानाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "उस्ताद, तुम्ही घरचे म्हणून सांगतो. हरळी कुणाच्या बापाला मरत नाही. ऊन तापलं की आहेच परत. पण एवढ्या लोकांत माणसाने असं बोलायचं असतं का?"

"नसतं," मी म्हणालो. मला दुसरं काय म्हणता आलं असतं? मीही पाशांना कॉफी पाजताना असंच काहीतरी बोललो होतो.

मार्चमध्ये रोलर आला. बगळे एक दिवस भिंतीवर बसून बघत होते, दुसऱ्या दिवशी नव्हते. क्रीडा कचेरीकडून क्रीडासाहित्य नष्ट केल्याबद्दल मला खुलासा विचारण्यात आला आहे. मी 'उद्या देतो' असं कळवलं आहे. वाहनतळ छान झाला. पांढरे पट्टे आखले, आणि पहिल्याच शुक्रवारी तो भरला. आता लोक पुन्हा जागा शोधत घरी जातात, फक्त अधिक लांबून. पाशांनी बाहेर पडणं बंद केलं. जिन्यात मी विचारणार तरी काय? कोण जिंकलं ते उघड होतं.

मे महिन्यात एका सकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. पिस्त्याच्या रंगाचे पाय असलेली ती पँट, हातात काठी, खेळायची.

"चल जरा."

आम्ही वाहनतळात गेलो. सकाळची वेळ, गाड्या तुरळक. नववा खळगा जिथे होता त्या जागी, दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे, डांबर टम्म फुगून तडकलं होतं आणि फटीतून हरळीची तीन-चार हिरवी पाती बाहेर आली होती. पाणी नाही, खत नाही, औषध नाही. माझ्या समितीने जे जे सांगितलं होतं ते सगळं ती तंतोतंत पाळत होती.

पाशांनी खिशातून एकच चेंडू काढला आणि त्या पात्यांशी ठेवला.

"गवतावर फक्त तिचाच पडला," ते म्हणाले. "माझा डांबरावर. पुन्हा तीच पुढे." आणि रुमाल काढून त्यांनी नाक शिंकरलं, जनरलने शिंकरावं तसं, साऱ्या वाहनतळाला ऐकू जाईल असं.

डांबर फुगल्याची तक्रार मंडळाकडे गेली आहे. परवा हशमत बेंनी मला गच्चीवर गाठलं. "उस्ताद, गवत वर येतंय. काढायला समिती नेमतोय. तुमच्याइतका अनुभवी माणूस आमच्याकडे दुसरा नाही."

मी ताबडतोब होकार दिला. बैठक कधी घ्यायची ते ठरवणं सर्वस्वी माझ्या हातात आहे. मी त्यांना उद्याची तारीख दिली आहे.